शस्त्राखालची जाग

१६ ऑक्टोबर १८४६ रोजी बोस्टन शहरातील मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलच्या घुमटाखालील शस्त्रक्रियागृहात विल्यम मॉर्टन या दंतवैद्याने गिल्बर्ट ॲबट नावाच्या एका तरुणाला काचेच्या गोलकातून ईथरची वाफ हुंगविली आणि अडुसष्ट वर्षांचे ज्येष्ठ शस्त्रवैद्य जॉन कॉलिन्स वॉरन यांनी त्याच्या जबड्याखालील गाठीवर शस्त्र चालविले, तेव्हा चढत्या बाकांवर दाटीने बसलेल्या वैद्यांच्या आणि विद्यार्थ्यांच्या कानांना सवयीची झालेली किंकाळी ऐकू आली नाही. शेवटी शेवटी रोग्याने हातपाय थोडे हलविले, काही असंबद्ध शब्द पुटपुटले, एवढेच. वेदनारहित शस्त्रक्रियेच्या युगाचा आरंभ ज्या दिवसापासून मोजतात तो हा दिवस, आणि त्याची कीर्ती अवाजवी आहे असे कोणी म्हणणार नाही. त्या दिवसाचे वर्तमान काही महिन्यांतच समुद्र ओलांडून लंडन-पॅरिसला पोहोचले, आणि २२ मार्च १८४७ रोजी कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात ईथरचा प्रयोगही झाला. परंतु त्याच दिवसाच्या दप्तरातील एक लहानशी नोंद सहसा वाचली जात नाही. पुरता शुद्धीवर आल्यावर ॲबटने जे सांगितले त्याचा आशय असा होता की, वेदना अशी आपल्याला झाली नाही, मात्र शस्त्रक्रिया चालू आहे हे आपल्याला कळत होते, आणि मानेवर एखादे बोथट अवजार खरवडत असल्यासारखे वाटत होते. म्हणजे भूलशास्त्राच्या त्या पहिल्याच प्रसिद्ध प्रयोगात रोग्याची जाणीव पुरती मावळलेली नव्हती.

या नोंदीचे महत्त्व ध्यानात यावयाचे तर त्याच शहरातील पावणेदोन वर्षांपूर्वीचा एक प्रसंग तिच्याशेजारी ठेवून पाहावा लागतो. हार्टफर्ड गावचा होरेस वेल्स हा तरुण दंतवैद्य डिसेंबर १८४४ मध्ये हास्यवायूचे, म्हणजे नायट्रस ऑक्साइडचे, एक जाहीर प्रात्यक्षिक पाहावयास गेला असता, तो वायू हुंगलेल्या एका माणसाच्या पायाला जखम होऊनही त्याला ती जाणवली नाही हे त्याच्या दृष्टीस पडले. दुसऱ्याच दिवशी त्याने तो वायू स्वतः हुंगून आपला एक दात सहव्यवसायी मित्राकडून काढवून घेतला, आणि पुढल्याच महिन्यात, जानेवारी १८४५ मध्ये, वॉरन यांच्या विद्यार्थ्यांपुढे आपला शोध मांडण्यासाठी तो बोस्टनला आला. वायूची पिशवी रोग्याच्या तोंडापासून वेळेआधीच दूर झाली, दात उपटताना रोगी ओरडला, आणि जमलेल्या मंडळींनी हा सारा फसवणुकीचा प्रकार असल्याचा गलका केला. मागाहून त्या रोग्याने सांगितले की थोडी वेदना झाली खरी, परंतु दात काढताना एरवी होते तेवढी नाही. पण तोवर निकाल लागून गेला होता. वेल्स त्या अपमानातून पुन्हा उभा राहिला नाही, आणि जानेवारी १८४८ मध्ये न्यूयॉर्कच्या तुरुंगात, अवघ्या तेहतीस वर्षांच्या वयात, त्याने आपल्या आयुष्याचा अंत करून घेतला.

एक रोगी ओरडला, पण आपल्याला दुखले ते थोडेच असे म्हणाला; दुसरा बहुतांशी निश्चल राहिला, पण आपल्याला कळत होते असे म्हणाला. पहिला प्रयोग अपयशी ठरला, दुसरा अजरामर झाला, आणि दोन्ही वेळी निकाल देणारांनी पाहिले ते रोग्याचे शरीर. त्याची जबानी मागाहून आली आणि निकालात तिची दखल घेतली गेली नाही. पूर्ण भूल दिलेली असतानाही शस्त्रक्रियेच्या मध्येच रोग्याला जाग येण्याच्या ज्या दुर्घटनेचा पूर्वेतिहास मी येथे सांगू इच्छितो, त्याचे मर्म मला या दोन प्रसंगांत दिसते. शरीर शांत आहे म्हणून मनही शांत असले पाहिजे, हा समज वैद्यकाने पुन्हा पुन्हा केला. आणि तो खोटा आहे हे ज्याला ठाऊक होते त्या एकुलत्या एका साक्षीदाराला, म्हणजे रोग्याला, विचारावयास मात्र फार उशीर लावला.

भुलेची इच्छा जुनी आहे. शस्त्रकर्मापूर्वी रोग्याला खाऊ घालावे आणि मद्य पिणाऱ्यास तीक्ष्ण मद्य द्यावे, म्हणजे अन्नामुळे त्याला मूर्च्छा येत नाही व मद्यामुळे शस्त्राची जाणीव होत नाही, असे सुश्रुताने सांगून ठेवले आहे. ईथर व पाठोपाठ नोव्हेंबर १८४७ मध्ये एडिंबरोच्या जेम्स सिम्सन यांनी प्रचारात आणलेले क्लोरोफॉर्म यांनी या इच्छेला प्रथमच खात्रीचे साधन दिले. परंतु त्या काळी भूल देणाऱ्याच्या मनात धास्ती होती ती रोगी जागा होण्याची नव्हे, तर तो कधीच जागा न होण्याची. क्लोरोफॉर्म प्रचारात येऊन तीन महिने होतात न होतात तोच, जानेवारी १८४८ मध्ये, न्यूकॅसलजवळच्या एका खेड्यात पायाच्या नखाच्या किरकोळ शस्त्रक्रियेत पंधरा वर्षांची एक मुलगी क्लोरोफॉर्मखाली दगावली, आणि त्यानंतर अर्धशतकभर साऱ्या वादाचा रोख हे औषध माणसाला मारते ते श्वास थांबवून की हृदय थांबवून या एकाच प्रश्नाकडे राहिला. या वादाचे एक मोठे प्रकरण आपल्या अगदी शेजारी, ज्या निजामाच्या राज्यात आपला मराठवाडाही होता त्या हैदराबादेत घडले. तेथील रेसिडेन्सी सर्जन एडवर्ड लॉरी यांच्या पुढाकाराने आणि निजामसरकारच्या खजिन्यातून १८८८ व १८८९ साली दोन क्लोरोफॉर्म कमिशने बसली, लंडनहून लॉडर ब्रंटन यांच्यासारखा नामांकित वैद्य त्यासाठी हैदराबादेस आला, आणि शेकडो जनावरांवर प्रयोग होऊन श्वासाकडे लक्ष ठेवा म्हणजे हृदयाची चिंता नको, असा निष्कर्ष निघाला, जो पुढे टिकला नाही. हैदराबादेतच क्लोरोफॉर्म देण्याचे काम करणाऱ्या रूपाबाई फर्दुनजी या पारशी विदुषीचे नाव जगातील अगदी पहिल्या स्त्री-भूलतज्ज्ञांत घेतले जाते.

या साऱ्या काळात रोग्याला जाग येण्याची तक्रार फारशी ऐकू येत नाही, याचे कारण समजून घेतले पाहिजे, कारण पुढील सारी हकीकत त्यावर उभी आहे. ईथर-क्लोरोफॉर्मच्या काळचा रोगी स्वतःच्या बळाने श्वास घेत असे आणि त्याचे सारे स्नायू त्याच्या ताब्यात असत. भूल उतरू लागली की त्याचा श्वास बदले, डोळ्यांची बुबुळे फिरू लागत, हात वर येई, प्रसंगी तो उठून बसू पाही. लंडनच्या जॉन स्नो यांनी १८४७ सालीच ईथरच्या गुंगीच्या पाच पायऱ्या वर्णन केल्या, आणि पहिल्या महायुद्धात अमेरिकन सैन्याबरोबर फ्रान्समध्ये गेलेल्या आर्थर ग्वेडेल यांनी अननुभवी साहाय्यकांनाही वाचता यावीत अशी श्वासाची व डोळ्यांची लक्षणे ठरवून भुलेच्या चार अवस्थांचा प्रसिद्ध तक्ता तयार केला. ही सारी लक्षणे स्नायूंवर लिहिलेली होती. रोग्याला बोलता येत नसले तरी त्याच्या स्नायूंना बोलता येत होते, आणि ती भाषा वाचणे हीच भूल देणाऱ्याची विद्या होती. २३ जानेवारी १९४२ या दिवशी ती भाषा बंद होण्यास आरंभ झाला.

त्या दिवशी कॅनडातील माँट्रियल शहरातील होमिओपॅथिक हॉस्पिटलात हॅरल्ड ग्रिफिथ आणि त्यांच्या सहकारी एनिड जॉन्सन यांनी आंत्रपुच्छाच्या शस्त्रक्रियेसाठी आलेल्या एका तरुणाला सायक्लोप्रोपेन वायूची भूल चालू असताना क्युरारे हे द्रव्य शिरेतून टोचले. क्युरारे हे दक्षिण अमेरिकेतील आदिवासींच्या बाणांना लावण्याचे विष. चार्ल्स वॉटरटन या इंग्रज प्रवाशाने गियानातून ते मायदेशी नेले होते, आणि १८१४ साली ते टोचलेल्या एका गाढविणीला भात्याने फुप्फुसांत हवा भरून जिवंत ठेवण्याचा प्रयोग लंडनमध्ये झाला होता. ती गाढवीण पुढे पंचवीस वर्षे जगली. स्नायू सैल पाडण्याखेरीज हे विष दुसरे काही करीत नाही, हे तेव्हापासून अनुमानता येण्याजोगे होते. ग्रिफिथ यांना तेवढेच हवे होते. खोल भूल दिल्यावाचून पोटाचे स्नायू सैल होत नाहीत, आणि खोल भूल तर हृदयाला व श्वासाला घातक. तेव्हा हलकी भूल आणि वर क्युरारे, अशी तोड त्यांनी काढली. ती इतकी यशस्वी झाली की काही वर्षांतच जगभर शस्त्रक्रियेचे रूप पालटले.

या तोडीतील धोका नवा नव्हता आणि अज्ञातही नव्हता, हे सांगताना मला खेद होतो. फ्रेंच शरीरशास्त्रज्ञ क्लोद बेर्नार यांनी १८५० च्या दशकात बेडकांवरील प्रयोगांनी दाखवून दिले होते की क्युरारे स्नायूंना हलविणाऱ्या मज्जातंतूंचा हुकूम स्नायूंपर्यंत पोहोचू देत नाही, संवेदना वाहून नेणाऱ्या तंतूंना मात्र ते हात लावीत नाही. पुढे १८६४ साली सामान्य वाचकांसाठी लिहिलेल्या एका लेखात त्यांनी या निष्कर्षाचा भयंकर अर्थही उलगडून सांगितला: क्युरारेने येणारा मृत्यू बाहेरून शांत झोपेसारखा दिसतो, परंतु त्या निश्चल देहाच्या आत बुद्धी आणि संवेदना अखेरपर्यंत शाबूत असतात, आणि म्हणून मनुष्याच्या कल्पनेत येऊ शकणाऱ्या यातनांत ती बहुधा सर्वांत घोर यातना होय. इतके स्पष्ट लिहून ठेवलेले असताना १९४० नंतरच्या काही वैद्यांत असा समज पसरला की क्युरारे स्वतःच भूल देते. आणि केवळ त्याच्या बळावर, किंवा अगदी नाममात्र भुलेवर, लहान मुलांवर शस्त्रक्रिया करण्यापर्यंत काहींची मजल गेली. मुले हलत नव्हती. त्यांनी पुढे काही सांगितले असेल तर ते मुलांचे सांगणे होते.

या समजाचे निराकरण ज्या रीतीने झाले ती वैद्यकाच्या इतिहासातील अत्यंत धीरोदात्त गोष्टींपैकी एक आहे. इंग्लंडमध्ये फ्रेडरिक प्रेस्कॉट यांनी कोणतीही भूल न घेता क्युरारेपासून शुद्ध केलेले द्रव्य स्वतःला टोचून घेतले, आणि आपल्याच लाळेत बुडून गुदमरण्याचा तो अनुभव किती भीषण होता ते सांगितले. त्यानंतर १९४७ साली अमेरिकेतील युटा प्रांतात स्कॉट स्मिथ या भूलतज्ज्ञाने, श्वास बंद पाडण्यास पुरेल त्याच्या अडीचपट मात्रा पूर्ण शुद्धीत टोचून घेतली. सहकारी कृत्रिम श्वास देत होते, प्रश्न विचारीत होते, वेदना देऊन पाहत होते आणि सारे टिपून ठेवीत होते. जोवर एखादा स्नायू हलविता येत होता तोवर स्मिथ यांनी खुणा केल्या, नंतर खुणाही थांबल्या, आणि शक्ती परत आल्यावर त्यांनी मधल्या काळातील प्रत्येक गोष्टीचा बिनचूक वृत्तान्त दिला. त्यांची शुद्ध क्षणभरही हरपली नव्हती, बुद्धी मलीन झाली नव्हती, वेदनेची जाणीव जशीच्या तशी होती. बेर्नार यांनी जे बेडकांवरून ताडले होते त्याला अखेर एका माणसाच्या तोंडची साक्ष मिळाली, आणि ती मानली गेली, कारण साक्ष देणारा या वेळी स्वतः वैद्य होता.

तरीही क्युरारे गेले नाही, आणि जावयासही नको होते, हे न्यायाने सांगितले पाहिजे. १९४६ साली लिव्हरपूलच्या सेसिल ग्रे व जॉन हॉल्टन यांनी हजाराहून अधिक रोग्यांच्या अनुभवावरून जी पद्धत मांडली आणि जी पुढे त्या शहराच्या नावाने ओळखली गेली, तीत गुंगी, वेदनाशमन आणि स्नायूंचे शैथिल्य ही तीन कामे तीन निरनिराळ्या औषधांकडे सोपविली होती आणि श्वासाचे काम भूलतज्ज्ञाने आपल्या हाती घेतले होते. प्रत्येक औषध थोडे थोडे द्यावयाचे असल्याने म्हातारे, अशक्त, रक्तस्रावाने खंगलेले असे जे रोगी पूर्वी टेबलावरच दगावले असते ते वाचू लागले. छातीची आणि हृदयाची शस्त्रक्रिया या पद्धतीवाचून आजच्या रूपास आलीच नसती. परंतु गुंगीचे औषध कमी पडले तर ते कळविण्याचे रोग्याजवळचे एकमेव साधन याच पद्धतीने काढून घेतले. पूर्वी हात वर आला असता. आता डोळ्यांच्या पापण्यांवर चिकटपट्टी, घशात नळी, फुप्फुसांत यंत्राचा श्वास, आणि हलविता येईल असा एकही स्नायू नाही.

रोग्यांच्या कैफियती येऊ लागल्या. १९५० साली एका ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात अपुऱ्या भुलेचा असा एक वृत्तान्त छापून आला. पण तुरळक वृत्तान्ताला अपवाद म्हणून बाजूस सारणे सोपे असते, आणि बहुतेक ठिकाणी तेच झाले: रोग्याला स्वप्न पडले, त्याला भ्रम झाला, शस्त्रक्रियेनंतरच्या गुंगीत ऐकलेले तो आधीचे समजतो आहे, अशी उत्तरे तयार असत. १९६० च्या सुमारास इंग्लंडमध्ये रूथ हचिन्सन यांनी जेव्हा ६५६ रोग्यांना शस्त्रक्रियेनंतर मुद्दाम विचारले, तेव्हा त्यांपैकी १.२ टक्के रोग्यांना मधल्या काळातील काही ना काही आठवत असल्याचे निष्पन्न झाले. शंभरात एकाहून अधिक, आणि हे सारे विचारल्यामुळे कळलेले! १९७० साली ब्राइस व त्यांच्या दोघा सहकाऱ्यांनी विचारण्याची एक साधी पद्धतच घालून दिली: झोप लागण्यापूर्वीचे शेवटचे काय आठवते, जाग आल्यावरचे पहिले काय आठवते, या दोहोंच्या मध्ये काही आठवते का, स्वप्न पडले का, आणि या साऱ्यांत सर्वांत वाईट काय वाटले? या प्रश्नांतील शहाणपण माझ्या मते असे की ते रोग्याच्या तोंडी काही घालीत नाहीत आणि त्याच्या तोंडचे काही काढूनही घेत नाहीत; आजही या विषयाच्या पुष्कळ पाहण्या त्यांच्याच आधारे होतात.

याच सुमाराचा एक प्रयोग मात्र आज वाचतानाही अस्वस्थ करतो. जोहान्सबर्गच्या बर्नार्ड लेव्हिन्सन यांनी १९६५ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत, दातांच्या शस्त्रक्रियेसाठी खोल भूल दिलेल्या दहा रोग्यांच्या कानांवर पडेल अशा रीतीने भूलतज्ज्ञाने मध्येच शस्त्रक्रिया थांबवावयास सांगितले, रोग्याचा रंग निळा पडत असल्याचे म्हटले, आणि थोड्या वेळाने आता सारे ठीक असल्याचा निर्वाळा दिला. हे सर्व नाटक होते. महिन्याभराने संमोहनाखाली विचारले असता चौघांनी ते शब्द जवळजवळ जसेच्या तसे सांगितले, आणि आणखी चौघे त्या क्षणाशी येताच भयाने संमोहनातून बाहेर आले. पुढील संशोधकांना असा निकाल तितक्या ठामपणे मिळाला नाही, आणि संमोहनाखालील जबानीवर किती भिस्त ठेवावी हा वादाचा विषय आहे; रोग्याला न सांगता त्याला असे भय घालणे आजच्या नीतिनियमांत बसणारही नाही. तरी शस्त्रक्रियागृहात रोग्याविषयी वावगे बोलू नये हा दंडक पुढच्या पिढीला शिकविला जाऊ लागला, त्यात या प्रयोगाचा वाटा आहे.

सर्वांत करुण हकीकती होत्या त्या बाळंतिणींच्या. सिझेरियनच्या वेळी आईला दिलेले औषध वारेतून बाळापर्यंत जाते, म्हणून बाळ बाहेर येईपर्यंत भूल शक्य तितकी हलकी ठेवण्याचा रिवाज पडला. थायोपेंटोनची एक सुई, स्नायू सैल करणारे औषध आणि वर नायट्रस ऑक्साइड, एवढ्यावर शस्त्रक्रिया होई, आणि पोट उघडले जात असताना आई जागी असल्याचे प्रकार इतर शस्त्रक्रियांहून पुष्कळ अधिक घडत. १९७० नंतर हॅलोथेनसारख्या वाफेची थोडी मात्रा जोडण्याची तजवीज होऊन हे प्रमाण उतरले. स्कॉटलंडच्या ॲबर्डीन येथील टन्स्टॉल यांनी १९७७ साली याच बाळंतिणींसाठी एक युक्ती काढली, जिच्यापुढे मला आजची यंत्रेही फिकी वाटतात. स्नायू सैल करणारे औषध टोचण्यापूर्वी त्यांनी एका हाताला रक्तदाबाच्या यंत्राचा पट्टा आवळून बांधला, म्हणजे ते औषध त्या हातात उतरू नये. आणि मग शस्त्रक्रिया चालू असताना रोग्याला नावाने हाक मारून, ऐकू येत असेल तर बोटे दाब, असे सांगितले. रोग्याला त्याची भाषा एका हातापुरती परत मिळाली.

आणि त्या हातांनी जे सांगितले त्याने प्रश्न आणखी खोल नेला. हाकेला उत्तर देणारे रोगी पुष्कळ निघाले, परंतु शुद्धीवर आल्यावर त्यांपैकी फारच थोड्यांना काही आठवत होते. २०१७ साली सहा रुग्णालयांतील २६० रोग्यांच्या पाहणीत हाताने उत्तर देणारांचे प्रमाण ४.६ टक्के आढळले, जे नंतर आठवण सांगणारांच्या प्रमाणाहून कितीतरी अधिक आहे. ज्याला त्या वेळी कळत होते परंतु नंतर आठवत नाही, त्याने यातना भोगली की नाही? भोगली आणि विसरला, तर तिची भरपाई विस्मृतीने होते काय? कित्येक भूलतज्ज्ञ प्रामाणिकपणे म्हणतात की आठवण उरली नाही तर हानीही उरत नाही. मला ते मान्य होत नाही. जी वेदना झाली ती झाली, तिचा दाखला कोणाजवळ नसला म्हणून ती न झाल्यासारखी होत नाही. मात्र या हाकेला उत्तर देणारे सगळेच वेदनेची खूण करीत नाहीत, ही गोष्ट थोडा दिलासा देणारी आहे आणि तीही सांगितली पाहिजे.

१९९६ साली अमेरिकन सरकारच्या मान्यतेने मेंदूच्या विद्युत्‌लहरींवरून गुंगीची खोली शून्य ते शंभर या आकड्यांत दाखविणारे एक यंत्र बाजारात आले. ऑस्ट्रेलियातून चालविलेल्या आणि २००४ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत, जागे होण्याचा धोका मुळात अधिक असलेल्या २४६३ रोग्यांपैकी यंत्र लावलेल्यांत दोघांना आणि न लावलेल्यांत अकराजणांना जाग आली, तेव्हा प्रश्न सुटला असे अनेकांना वाटले. परंतु २००८ साली अमेरिकेतील सेंट लुइस येथे सुमारे दोन हजार रोग्यांवर त्या यंत्राची तुलना उच्छ्वासातील वाफेचे प्रमाण मोजण्याच्या दक्षतेशी केली असता दोन्ही गटांत दोन-दोनच प्रकार घडले. म्हणजे वाफेवर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवणारा भूलतज्ज्ञ यंत्राइतकाच कामास येतो. शिरेतूनच सारी भूल दिली जाते तेथे मोजण्यास वाफ नसते, म्हणून अशा वेळी, विशेषतः स्नायूही सैल केलेले असताना, या यंत्राचा उपयोग अधिक मानतात.

हे घडते तरी किती वेळा? याची दोन उत्तरे मिळतात, आणि त्यांतील अंतरच माझ्या विषयाचा गाभा आहे. स्वीडनमधील सँडिन प्रभृतींनी २००० साली ११,७८५ रोग्यांना शस्त्रक्रियेनंतर एकदा नव्हे तर तीनदा, दोन आठवड्यांच्या अवधीत, ब्राइस यांचे प्रश्न विचारले. प्रमाण निघाले हजारात सुमारे दीड, आणि काही रोग्यांना हे पहिल्या भेटीत सांगता आले नाही, नंतरच्या भेटीतच सांगता आले. उलट ब्रिटन व आयर्लंडमधील भूलतज्ज्ञांच्या संस्थांनी जयदीप पंडित यांच्या नेतृत्वाखाली केलेल्या आणि २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या प्रचंड चौकशीत, रोग्यांनी आपण होऊन केलेल्या तक्रारीच मोजल्या असता, सुमारे १९ हजार पूर्ण भुलांमागे एक असे प्रमाण आले. स्नायू सैल करणारे औषध दिलेले असेल तर ते सुमारे ८ हजारांत एक, न दिलेले असेल तर सुमारे १ लाख ३६ हजारांत एक, आणि पूर्ण भुलेखालील सिझेरियनमध्ये ६७० त एक. पद्धती निराळ्या असल्याने हे आकडे सरळ एकमेकांशी ताडता येत नाहीत हे खरे. पण विचारले तर हजारात एक-दोघे सांगतात, न विचारले तर हजारो रोग्यांत एखादाच पुढे येतो, हा फरक मोजणीच्या पद्धतीने सर्वस्वी धुऊन जाईल असे मला वाटत नाही. त्या चौकशीत एका व्यक्तीने ६२ वर्षांपूर्वीचा आपला अनुभव प्रथमच कळविला. तिने तो तोवर का कळविला नाही, याचा विचार कोणत्याही सहृदय माणसाला करता येईल.

त्याच चौकशीने आणखी काही गोष्टी उघड केल्या ज्या सामान्य माणसाच्या उपयोगाच्या आहेत. दोनतृतीयांश प्रकार प्रत्यक्ष शस्त्र चालू असताना घडत नाहीत, तर भूल चढण्याच्या किंवा उतरण्याच्या वेळी घडतात. ते बहुधा काही मिनिटेच टिकतात. आणि रोग्याच्या मनावर कायमचा घाव घालते ती वेदनेपेक्षाही हलता न येण्याची, श्वास घेता न येण्याची आणि आपण मरत आहोत अशा समजुतीची भीती. बेर्नार यांनी दीडशे वर्षांपूर्वी नेमके हेच वर्णिले होते. दहापैकी चौघांना पुढे दीर्घकाळ मानसिक त्रास झाला: झोपेत दचकणे, आडवे पडण्याचे भय, इस्पितळाच्या वासानेही अंग शहारणे. आणि ज्यांचे म्हणणे शस्त्रक्रियेनंतर लगेच ऐकून घेतले गेले, ज्यांना काय घडले व का घडले याचा खुलासा मिळाला, ज्यांच्याशी शस्त्रक्रियेच्या वेळीच कोणी चार धीराचे शब्द बोलले होते, त्यांचा त्रास कमी राहिला. औषधांची अदलाबदल, रिकामे राहिलेले वाफेचे पात्र, शिरेतून निसटलेली सुई अशी कारणे पुष्कळदा टाळता येण्याजोगी असतात, आणि त्यांच्यासाठी याद्या, तपासण्या व स्नायूंची शक्ती परत आली की नाही हे पाहणारी साधने आता आहेत. पण रोग्यावर विश्वास ठेवण्यासाठी कोणत्याही साधनाची आवश्यकता नव्हती आणि नाही.

आपल्याकडे भूल देणारे डॉक्टर शस्त्रक्रियेपूर्वी काही मिनिटे भेटतात आणि रोग्याला त्यांचे नावही पुष्कळदा ठाऊक नसते. वाचकांना माझी विनंती आहे की ती काही मिनिटे वाया घालवू नयेत. पूर्वीच्या एखाद्या शस्त्रक्रियेत मध्येच काही ऐकू आले असेल, घरच्या कोणास असा अनुभव असेल, रोजचे मद्यपान असेल, झोपेच्या किंवा वेदनेच्या गोळ्यांची सवय असेल, तर ते संकोच सोडून सांगावे, कारण भुलेची मात्रा ठरविताना त्याचा उपयोग होतो. कमरेत सुई देऊन खालचा भाग बधिर करणार असतील किंवा नुसती गुंगी देणार असतील, तर जागेपण हा त्यात अपेक्षितच भाग आहे हे आधी समजून घ्यावे. त्या चौकशीतील कित्येक तक्रारी केवळ हे न सांगितल्यामुळे उद्भवल्या होत्या. आणि आपल्या घरातील आई, वडील, मूल यांपैकी कोणी शस्त्रक्रियेनंतर, मग ती कालची असो वा वीस वर्षांपूर्वीची, आपल्याला मध्येच जाग आली होती असे सांगू लागले, तर ते स्वप्न होते असे म्हणून त्यांना गप्प करू नये. त्यांचे म्हणणे शेवटपर्यंत ऐकावे, ते शब्दशः लिहून ठेवावे, आणि ज्यांनी भूल दिली होती त्या डॉक्टरांकडे त्यांना घेऊन जावे.